"तिथे तुला नेमकं काय मिळतं?"

प्रश्न

38 वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. हिशेब तपासणीची नोकरी, लग्नाला बरीच वर्षं झालेली, एक मुलगी. दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी त्या आणि आणखी चौघं मिळून टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम खेळतात. फासे, कॅरेक्टर शीट म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीचा कागद, कागदावर काढलेला नकाशा आणि चार तास बोलण्यातून पुढे सरकणारी एक गोष्ट. त्यांच्या पात्राचं नाव धूमा. पन्नाशीची, पैसे घेऊन लढणारी, तोंडाळ, कुणाचंही ऐकून न घेणारी. "मी प्रत्यक्षात अगदी उलट आहे," असं त्या लिहितात.

मध्यंतरी नवऱ्याने सहज विचारलं, "तिथे तुला नेमकं काय मिळतं, जे इथे मिळत नाही?" भांडण नव्हतं, टोमणाही नव्हता. तरी त्यांना उत्तर सुचलं नाही. मग ताण हलका होतो, डोक्याला चालना मिळते, टीमवर्क शिकता येतं, असं काहीबाही त्या बोलल्या आणि बोलता बोलताच लक्षात आलं की हे आपलं आपल्यालाच पटत नाहीये. त्यात थोरल्या बहिणीने "या वयात भातुकली?" म्हणून भर घातली. तेव्हापासून खेळायला बसलं की कुणीतरी मागे उभं राहून बघतंय असं वाटतं. मजा येईनाशी झाली आहे. आणि नेमकं आत्ताच ग्रुपमध्ये दुसरा, लढायांवर भर असलेला खेळ सुरू करायचं घाटतंय.

त्यांचा प्रश्न असा : हा पळपुटेपणा आहे का? आवडण्याचं एक धड कारण सांगता येत नसेल, तर सोडून द्यावं का?

उत्तर

तुमच्या पत्रात दोन प्रकारचा मजकूर आहे. पहिली दोन पानं ताण, छंदाचं महत्त्व, स्क्रीनपासून सुटका वगैरेंवर आहेत. ती वाचताना, खरं सांगते, मला जांभई आली. मग "तसं काही विशेष नाही, पण" अशी सुरुवात करून तुम्ही पुलावरच्या पहारेकऱ्याची हकीकत सांगितली आहे आणि तिथे मी सरसावून बसले. ती इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते, कारण माझं सगळं उत्तर त्या हकीकतीवरच उभं आहे.

तुमच्या मंडळींना पूल ओलांडायचा होता. पहारेकऱ्याने अडवलं. गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या आणि बाकीच्या सगळ्या पात्रांच्या वतीने बोलणाऱ्या गड्याने, तिथे लढाई योजली होती, नकाशा टेबलावर पसरला होता, पहारेकऱ्याचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसेल याचे आकडे, लिहून तयार होते. बाकीच्यांनी शस्त्रं उपसली. आणि धूमा कठड्यावर त्या पहारेकऱ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "बूट चावतोय ना? डावा." गेम मास्टर गप्प झाला. पहारेकऱ्याला बूट चावतो की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. पहारेकऱ्याला तोवर नावही नव्हतं. मग पहारेकऱ्याच्या तोंडून तो म्हणाला, "भावाचे आहेत." मग भाऊ कुठे गेला, बूट याच्याकडे कसे आले, या पुलावरून तो शेवटचा कधी गेला, यातच संध्याकाळ सरली. नकाशा होता तसा गुंडाळावा लागला. पुढचे कित्येक रविवार तुम्ही सगळे त्या भावाला शोधत होतात.

नवऱ्याला द्यायला कारण नाही म्हणता? कारण हेच आहे. तुम्ही ते "विशेष नाही" म्हणून पत्राच्या शेवटी ढकललंत, एवढंच.

"भावाचे आहेत" हे वाक्य दोन सेकंद आधी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. कादंबरीत ते लेखकाने आधी लिहिलेलं असतं. व्हिडिओ गेममध्ये पहारेकऱ्याशी बोलता येईलही, पण त्याची उत्तरं आधीच कुणीतरी भरून ठेवलेली असतात आणि बूट हा विषय त्यात नसेल, तर नसतो. पटावरच्या खेळात आपल्या पाळीला काय काय करता येतं याची यादी नियमांतच असते. या खेळात मात्र समोरचा माणूस "तू काय करतेस?" एवढंच विचारतो आणि उत्तर मोकळं सोडतो. तुम्ही ज्याचा विचारच केला गेला नव्हता असं काहीतरी विचारता आणि समोरून खरं उत्तर येतं. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य काढणाऱ्या माणसाला, जिथे प्रत्येक उत्तर आधीच कुठल्या तरी पावतीवर लिहिलेलं असतं, याची गोडी लागली तर मला त्यात काही नवल वाटत नाही.

शिवाय तुमची आवड या खेळाच्या अगदी मुळाशी जाणारी आहे. 1969 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने आपल्या युद्धखेळ खेळणाऱ्या मित्रांसाठी एक वेगळा डाव रचला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव. नेहमीसारख्या सैन्याच्या तुकड्या हाती न देता त्याने काही जणांना गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या, कुणी महापौर, कुणी कुलगुरू. लढाई व्हायच्या आधीच ही मंडळी कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी खलबतं करू लागली, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं, आणि त्याचे नियमच नसल्यामुळे वेस्लीला जागच्या जागी ते ठरवावे लागले. डाव पार फसला असं त्याला वाटलं. खेळणारे मात्र पुढचा कधी म्हणून मागे लागले. अशा डावांत भाग घेणाऱ्यांपैकी डेव्ह आर्नेसनने पुढे स्वतःचं ब्लॅकमूर नावाचं जग उभं केलं आणि गॅरी गायगॅक्सबरोबर मिळून 1974 मध्ये या प्रकारातला पहिला छापील खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', आणला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. म्हणजे ठरलेली लढाई बाजूला ठेवून भलतंच काहीतरी करणारे लोक या खेळाच्या जन्माच्याही आधीपासून आहेत. धूमा पुलावर बसली ती त्याच घराण्यात.

आता टीमवर्कबद्दल. तुम्ही नवऱ्यापुढे जी फायद्यांची यादी वाचलीत, ती तुमची नाहीच, ती तुम्हाला वारशाने मिळाली आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेपासून आत्महत्येपर्यंत वाट्टेल ते आरोप झाले. 1983 मध्ये तर त्याच्या विरोधात एक संघटनाच उभी राहिली. आरोप टिकले नाहीत, पण तेव्हापासून खेळणाऱ्यांना एक खोड लागली : कुणी साधी चौकशी केली तरी लगेच चारित्र्याचा दाखला काढून दाखवायचा. मुलांचं गणित सुधारतं, वाचन वाढतं, लाजाळू माणसं बोलू लागतात. यातलं बरंचसं खरं असेलही. पण गणित सुधारावं म्हणून रविवारची संध्याकाळ राखून ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तुम्हाला ते बोलताना खोटं वाटलं, कारण ते उसनं होतं. खेळाविषयीचं तुमचं प्रेम काही खोटं नव्हतं.

आणि आवडीला कारण हवंच, हे तरी कुणी ठरवलं? रोज रात्री टीव्हीवर चार अनोळखी माणसांचं भांडण तासभर बघणाऱ्याला "तुला यातून काय मिळतं?" असं कुणी विचारत नाही. तो छंद ओळखीचा आहे म्हणून त्याला माफी आहे. तुमचा ओळखीचा नाही, इतकाच फरक. मग मी एवढं कारण कारण का करतेय? कारण आवडीचं कारण ठाऊक असणं निर्दोष सुटायला उपयोगी नसलं, तरी पुढे काय निवडायचं हे ठरवायला फार उपयोगी पडतं. तुमच्यापुढे आत्ता तशी निवड आहेच. तिकडे येतेच.

आधी नवऱ्याचा प्रश्न. "तिथे काय मिळतं, जे इथे मिळत नाही" या एका वाक्यात निदान तीन वेगळे प्रश्न असू शकतात आणि तुम्ही सर्वांत कडक तो धरून बसला आहात. एक, साधी उत्सुकता : ही बाई चार तासांनी इतकी खुलून घरी येते, काय करते तरी काय? दोन, वेळेचा हिशेब : दर दुसऱ्या रविवारी मुलीचं सगळं मी बघतो. आणि तीन, जे माणसं सहसा उघड बोलत नाहीत : माझ्याबरोबर तू अशी खुलत नाहीस.

पहिला असेल तर त्याला पहारेकऱ्याची गोष्ट सांगा. मला लिहिलीत तशीच, "विशेष नाही" हे शब्द गाळून. दुसरा असेल तर वेळेबद्दल बोला, रोख. मधला रविवार त्याचा आहे का, नसेल तर तो कसा करता येईल. वेळेच्या प्रश्नाला आनंदाची कैफियत देऊन चालत नाही, दोघंही चिडतात. तिसरा असेल तर त्यात खेळाचा संबंध फारसा नाही. तो प्रश्न चांगला आहे, मोठा आहे आणि त्यासाठी वेगळी संध्याकाळ काढायला हवी. यातला कुठला, हे मला इथे बसून कळणार नाही. त्यालाच विचारा : "तू हे का विचारलंस?" इतक्या दिवसांत हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही.

इथे बरेच जण एक सल्ला देतील, "त्यालाच एकदा खेळायला घेऊन जा." माझं मत विरुद्ध आहे. त्याने स्वतःहून विचारलं तर जरूर, एखादा एका बैठकीत संपणारा वन-शॉट ठेवा. पण "ये, म्हणजे तुला कळेल" म्हणून ओढून आणलेला माणूस परीक्षक होऊन बसतो आणि मागे उभं राहून बघणाऱ्याचा जो भास तुम्हाला होतो, तो मग प्रत्यक्षात समोरच्या खुर्चीत येतो. बहिणीच्या शेऱ्याचं मात्र काहीच करू नका. ताईलोक असं बोलतात.

आता धूमा. तुम्ही लिहिता, ती तुमच्या अगदी उलट आहे, आणि त्यातूनच तुम्हाला शंका येते की आपण स्वतःपासून पळतोय. पुलाची हकीकत पुन्हा बघा. तिथे धूमा तोंडाळ कुठे आहे? सगळे शस्त्रं काढत असताना तिला एका अनोळखी माणसाचं पाऊल नीट पडत नाहीये हे दिसलं, आणि तेही डावं. हे तोंडाळ बाईचं लक्षण नाही. हे हजार नोंदींतली एक न जुळणारी नोंद दिसणाऱ्या बाईचं लक्षण आहे. म्हणजे धूमाच्या चिलखताआड तुम्हीच बसला होतात, फक्त तिच्या आवाजाची मुभा घेऊन. ऑफिसात तुम्हाला दिसतं आणि तुम्ही टिपण लिहिता. तिथे तुम्हाला दिसतं आणि तुम्ही सरळ विचारता.

यावरून "मग आता प्रत्यक्षातही धूमासारखं बोलायला शिका" असा धडा मी काढणार नाही. खेळ ही काही औषधोपचाराची खोली नव्हे, आणि प्रत्येक आनंदाला कामाला जुंपायची गरज नसते. पात्राच्या भावना खेळणाऱ्यात झिरपतात, खेळणाऱ्याच्या पात्रात. त्याला या लोकांत ब्लीड म्हणतात आणि थोडाफार तो सगळ्यांनाच होतो. झाला तर होऊ द्या, मुद्दाम घडवून आणायची धडपड नको.

पळपुटेपणाचा प्रश्न तरीही उरतो, आणि तो मी उडवून लावणार नाही, कारण काहींच्या बाबतीत तो खरा असतो. कुठल्याही खेळात माणूस तोंड लपवू शकतो. माझी परीक्षा अशी : खेळून घरी आल्यावर जे काम, जो माणूस, जो फोन टाळलेला होता, तो आणखी टाळावासा वाटतो का? खेळ रद्द झाला तर वाईट वाटतं, की अंगावर काटा येतो? खेळासाठी घेतलेल्या सबबी घरात वाढत चालल्या आहेत का? यांची उत्तरं होकारार्थी येत असतील तर खेळ सोडून काही साधणार नाही, टाळलेली गोष्ट हातात घ्यावी लागेल, आणि ती झेपत नसेल तर समुपदेशकाची मदत. तुमच्या पत्रात मला असं काही दिसलं नाही. दर पंधरा दिवसांनी चार तास कल्पनेत घालवून वेळेवर घरी येणाऱ्या माणसाला पळपुटा म्हणायचं, तर मग मुक्काम करणारा कोण?

ज्यांना हाच प्रश्न पडतो पण हाताशी पहारेकरी नाही, त्यांच्यासाठी थोडं. "मला हे का आवडतं?" असं स्वतःला थेट विचारू नका, उसनीच उत्तरं येतात. त्याऐवजी सेशन संपल्यावर घरी जाताना एवढंच आठवा की आजचा कुठला क्षण कुणाला तरी सांगावासा वाटतोय, आणि कुठल्या वेळी हात मोबाइलकडे गेला. काही रविवार हे टिपून ठेवा. चित्र आपोआप दिसू लागतं आणि ते कधीकधी अनपेक्षित असतं. आपल्याला कथा आवडते असं समजणाऱ्याच्या लक्षात येतं की सगळे लक्षात राहिलेले क्षण फाशांचे आहेत.

फाशांच्या आवडीला कुणी कमी लेखू नये, बरं का. वीस बाजूंच्या फाशावर 1 पडायची शक्यता जितकी, तितकीच 20 पडायची, दोन्ही 5 टक्के. म्हणून तो फासा टेबलावर गरगरत असताना पाच मोठी माणसं श्वास रोखून बसतात. दोन साध्या फाशांची बेरीज करणारे खेळ वेगळ्या स्वभावाचे : 7 पडायचे 36 पैकी 6 मार्ग, 2 पडायचा एकच. तिथे टोकाच्या गोष्टी क्वचित घडतात. काहींना पहिल्यातला बेभरवसा हवा असतो, काहींना दुसऱ्यातला तोल. कुणाला रात्र रात्र जागून पात्राचे आकडे असे जुळवायचे असतात की एकही गुण वाया जाऊ नये, आणि प्रत्यक्ष खेळ त्यांच्यासाठी जवळजवळ दुय्यम असतो. कुणी फक्त नकाशे काढतं. आणि प्रत्येक टेबलावर एक जण असा असतो ज्याला खेळाशी काडीचंही देणंघेणं नसतं, त्याला ही चार माणसं भेटायला हवी असतात. तोही चालतो. आपण त्यासाठी येतो हे त्याने एकदा सांगून टाकावं, म्हणजे बाकीचे त्याच्याकडून जादूच्या मंत्रांचे नियम पाठ व्हायची अपेक्षा सोडतील.

एकाच टेबलावर पाच जण पाच कारणांनी बसलेले असतात आणि वर्षानुवर्षं ते कुणी बोलत नाही. तुमच्या ग्रुपमधला नव्या खेळाचा विषय इथेच अडकलाय असा माझा कयास आहे. लढायांचा खेळ कुणाला तरी मनापासून हवाय. त्याने गेले कित्येक रविवार त्या हरवलेल्या भावाचा शोध मुकाट्याने सहन केला असण्याची दाट शक्यता आहे. त्याच्याशी बोला, आणि मतदानाच्या आधी बोला. नवं कॅम्पेन, म्हणजे बऱ्याच बैठका चालणारी नवी गोष्ट, सुरू करण्यापूर्वी सेशन झीरो घेतात, म्हणजे न खेळता फक्त कुणाला काय हवं, काय नको हे ठरवायची बैठक. ती मागून घ्या. तिथे "मला लढाई आवडत नाही" असं म्हणू नका, त्यातून गेम मास्टरला काहीच उमगत नाही. "ज्यांच्याशी बोलता येईल असे शत्रू मला हवेत" असं म्हणा. हे त्याला करता येण्यासारखं आहे. बहुतेक लढाऊ खेळांतही पुलावर बसायला कुणी मनाई केलेली नसते. फक्त तो पूल आणि तो पहारेकरी तिथे ठेवायचं गेम मास्टरच्या मनात यायला हवं.

तरीही जमत नसेल तर दुसरे पर्याय आहेत. 2010 मधल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून एक मोठी शाखा निघाली, जिथे दोन फाशांची बेरीज 10 किंवा जास्त आली तर हवं ते मिळतं, 6 किंवा कमी आली तर प्रकरण चिघळतं आणि 7 ते 9 आली तर मिळतं, पण काहीतरी मोजून. नुसत्या फाशांवर हा मधला निकाल 36 पैकी 15 वेळा येतो. "भावाचे आहेत" अशी वाक्यं या मधल्या पट्ट्यात फार सुचतात. 'फियास्को' हा 2009 चा खेळ आहे, त्यात गेम मास्टरच नसतो आणि एका बैठकीत संपतो. मधल्या एखाद्या रविवारी चौघांपैकी ज्यांना रस असेल त्यांच्याबरोबर तो करून बघता येईल. मुख्य ग्रुप तिकडे लढत राहिला तरी चालेल. एकच टेबल सगळं पुरवेल ही अपेक्षा मला जरा जास्तच वाटते.

नवा खेळ सुरू झालाच तर पहिल्या सेशनवरून निकाल देऊ नका. पहिला वेळ नियम शोधण्यात जातो आणि सगळेच कंटाळलेले असतात. तीन-चारदा बसा, टिपणं ठेवा. तोवर मागे उभं राहून बघणारा तो भास राहिला तरी चालवून घ्या. नवऱ्याशी बोलणं झालं की तो बराच विरेल असं वाटतं, पण त्याची हमी मी देत नाही.

आणि अखेर सोडायचंच ठरलं, तर ते सांगून सोडा. दर वेळी ऐनवेळी "आज जमत नाही" असा मेसेज टाकत हळूहळू नाहीसं होणाऱ्या माणसामुळे जितके ग्रुप मोडलेत, तितके भांडणांनीही मोडले नसतील. निदान दोन सेशन आधी सांगा, म्हणजे गेम मास्टरला धूमाच्या जाण्याची गोष्टीत काहीतरी सोय लावता येईल.